नूपुरची एकोणीस बारशी

बुधाजी गमरेच्या रजिस्टरावर विश्वास ठेवायचा, तर नूपुर नावाच्या एका बाईच्या घरी चौदा वर्षांत एकोणीस बारशी झाली. बाईचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं आणि तसा काही विचारही नव्हता. नील नावाच्या मुलाचा साखरपुडा नऊ वेळा झाला, तोही दर वेळी कानाला हेडफोन लावून. यशोधन म्हणून कोणी होता, त्याच्या आजोबांचं वर्षश्राद्ध एकाच वर्षात तीनदा उरकलं गेलं. हे सगळं निळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरात, कुठेही खाडाखोड न करता लिहिलेलं आहे.

ते रजिस्टर स्नेहसंवर्धक मंडळाच्या हॉलचं. लालबागहून परळकडे जाताना मिरची कांडणाऱ्या गिरण्यांचा ठसका जिथे संपतो, तिथे आतल्या गल्लीत मंडळाची दुमजली इमारत. खाली वाचनालय, म्हणजे चार म्हातारे आणि दोन पेपर. वर हॉल. कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा सभा, व्याख्यानं, लग्नं सगळं तिथेच व्हायचं. पुढे लोकांना एसी हॉल लागायला लागले आणि या हॉलचे दोन खांब सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागले. खांब अगदी मधोमध. नवरा-नवरी कुठेही बसवा, निम्म्या पाहुण्यांना नवरा दिसायचा आणि निम्म्यांना नवरी. शेवटी उरली ती हळदीकुंकवं आणि आजूबाजूच्या चाळींतली बारशी.

बुधाजी हा हॉल सांभाळायचा. किल्ली त्याच्याकडे, फ्यूज त्याच्याकडे, झाडू त्याच्याकडे आणि रजिस्टरही त्याच्याकडे. मूळ गाव मंडणगडकडचं. बाप गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर कामाला होता, आणि संपाच्या आधी आठ महिने बुधाजीही त्याच खात्यात बदली कामगार होता. मग संप झाला, मग बरीच वर्षं काहीच झालं नाही, मग शिवडीच्या गोदामात राखण केली आणि तिथून तो या हॉलवर आला. त्याच्याजवळ एकच वैभव होतं, अक्षर. वस्तीच्या तोंडाशी काळा फळा होता. चौदा एप्रिलचा कार्यक्रम असो की कुणाची शोकसभा, फळ्यावर खडूने लिहायचा तो बुधाजीच. लोक मजकूर वाचून झाल्यावरही अक्षर बघत थांबायचे, आणि बुधाजी आपल्या चाळीच्या गॅलरीतून त्यांना बघत थांबायचा.

नूपुर पहिल्यांदा आली ती एका दुपारी. गिरगावातल्या कारकुनाची मुलगी. पंधरा वर्षं कथक शिकून एक दिवस तिने घुंगरू काढून ठेवले होते आणि घरच्यांनी तेव्हापासून तिच्या नावाने पाणी सोडलं होतं. ती हॉलभर फिरली, एका खांबाला तळवा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हे खांब कधी काढणार नाही ना तुम्ही?"

खांबांची इतक्या मायेने चौकशी करणारं माणूस बुधाजीने पहिल्यांदाच पाहिलं. त्याने तिला खुर्ची पुसून दिली.

घोळ झाला तो फॉर्मवर. 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात नूपुरने लिहिलं, 'प्रयोग'. नाटक होतं तेव्हा त्याचा प्रयोग होतो, आणि एखादी गोष्ट जमते की नाही हे करून बघणं, तोही प्रयोगच. तिला दोन्ही अर्थ हवे होते. मंडळाचे सेक्रेटरी अप्पा, त्यांना एकही नको होता. अप्पा प्रभादेवीला राहायचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. सज्जन म्हणजे कोणाचं वाईट न चिंतणारे आणि स्वतःवर काही शेकू न देणारे. त्यांनी सांगितलं, प्रयोग म्हणजे जाहीर कार्यक्रम. संहितेची मंजुरी आणा, पोलिसांचा परवाना आणा, आम्ही किल्ली देतो.

नूपुरने तीन आठवडे चपला झिजवल्या. एका कचेरीत म्हणाले, संहिता जोडा. ती म्हणाली, यात शब्दच नाहीत. ते म्हणाले, मग शब्द नाहीत असं लिहून जोडा. ते जोडल्यावर पुढच्या टेबलावर विचारलं, पात्रं किती? ती म्हणाली, मी एकटी आणि खडू. खडू पात्रांत धरायचा की सामानात, यावर फाइल अडली ती अडलीच.

चौथ्या आठवड्यात ती हॉलवर आली, पायरीवर बसली आणि रडायला लागली. घरच्यांनी टाकलं तेव्हाही ती अशी रडली नसेल. बुधाजीला बाईमाणसाचं रडणं सोसायचं नाही. त्याने खाली वाचनालयात नजर टाकली, रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

"नूपुरताई, हे राहू द्या. बारसं लिहितो. घरच्या कार्याला कोण परवाना मागतं?"

"कोणाचं बारसं?"

"नाव मागनं ठेवू," बुधाजी म्हणाला.

त्या रविवारी संध्याकाळी पंचवीस माणसं आली. नूपुर तासभर त्या दोन खांबांभोवती खडूने रेघ ओढत नाचली. नाचली म्हणायचं, कारण दुसरा शब्द नाही. ती वाकायची, घसटायची, खांबाला पाठ लावून खाली सरकायची, आणि रेघ काही तुटायची नाही. खडू बुधाजीचे होते, फळ्यावरचे. शेवटी ती निघून गेली आणि लोक गप्प बसून राहिले. बुधाजीला वाटलं संपलं. बादली आणून तो फरशी पुसायला लागला, तर कोणी उठेचना. सगळे त्याच्याकडे टक लावून बघत होते. शेवटची रेघ पुसली गेली तेव्हा जोरात टाळ्या पडल्या आणि बुधाजी फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. पुढे आठ दिवस मीरा, त्याची बायको, त्याला "काय कलाकार, चहा घेणार का?" असं विचारत होती.

तिथून ते सुरू झालं. नूपुरने नीलला आणलं. तो आवाज गोळा करायचा, लोक पोस्टाची तिकिटं गोळा करतात तसे. नीलने यशोधनला आणलं, जो नट होता आणि प्रेक्षकांकडे पाठ करून बोलायचा. कोणी पडद्यावर चित्रं सोडून त्यांच्यासमोर जेवण रांधलं, कोणी नुसतं श्वास घेऊन दाखवला. यांना शहरात कुठे जागा नव्हती. मोठी नाट्यगृहं यांच्याकडे ढुंकून बघत नसत, आणि लहान जागा होत्या त्या एकेक करून बंद पडत चालल्या होत्या. राहिला हा दोन खांबांचा हॉल आणि त्याची किल्ली असलेला बुधाजी.

बुधाजीने नियम ठरवून दिला. हॉलचं नाव कुठे छापायचं नाही, पत्ता कुठे टाकायचा नाही, जिन्यात जाहिरात चिकटवायची नाही. फोनवरून सांगायचं, आणि फोनवरही प्रयोग म्हणायचं नाही. त्यामुळे या मंडळींत एक वेगळीच भाषा तयार झाली. "रविवारी बारसं आहे, येतोस का रे?" "कोणाचं?" "नीलचं." पुण्याहून, नाशिकहून लोक बारशाला यायचे. एका परदेशी पाहुणीला बारसं म्हणजेच नवं काम पहिल्यांदा दाखवणं असं वाटायचं. तिला कोणी दुरुस्त केलं नाही.

बुधाजीला हे सगळं कळायचं का? तो स्वतः कधी कळतं म्हणाला नाही. फ्यूजच्या पेटीशेजारी त्याचं स्टूल होतं, तिथून तो बघायचा. एकदा नीलने सगळे दिवे घालवून मागाचा आवाज लावला. कुठल्या तरी संग्रहालयातल्या मागावरून टिपून आणलेला. सगळे स्तब्ध बसले होते. बुधाजी उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. संपल्यावर नील त्याच्याकडे आला.

"काका, त्रास झाला का?"

"त्रास नाय. चुकलंय ते," बुधाजी म्हणाला. "तुझा साचा एकटाच वाजतोय. आमच्या खात्यात एकटा साचा कधी कोणी ऐकलाच नाय. शेजारचा काय बोलतो ते ओठांवरनं समजून घ्यायला लागायचं."

नीलने महिनाभर बसून एकावर एक अडीचशे साचे चढवले. दुसऱ्या वेळी आवाज लागला तेव्हा खिडक्यांची तावदानं हलली आणि खालच्या वाचनालयातला एक म्हातारा, जो जन्मात वर आला नव्हता, जिना चढून दारात येऊन उभा राहिला. त्या दिवशी रजिस्टरात साखरपुडा होता. बुधाजीच्या आयुष्यात त्याला कोणी काही विचारून, ऐकून घेऊन, तसं करून दाखवलं असेल तर ते त्या एकदाच. त्या पोरांसाठी तो जीव टाकायचा तो उगाच नाही.

याची किंमत घरी मोजली गेली. प्रिती, त्याची मुलगी, बाळंतपणाला आली आणि नात झाली. नामकरण हॉलमध्ये करायचं असं मीराने धरून ठेवलं होतं. इतकी वर्षं लोकांची कार्यं तिथे झाली, आता आपलं. भन्तेजींना सवड होती तो एकच रविवार, आणि त्या रविवारी हॉल दिवसभर नूपुरला दिलेला. तिच्या प्रयोगाला लोक बाहेरगावाहून येणार होते.

"त्यांना सांगा ना पुढे करायला," मीरा म्हणाली. "सांगितलंत तर नाय म्हणेल का ती?"

"नाय म्हणणार नाय. म्हणून तर सांगवत नाय."

मग नामकरण चाळीच्या गॅलरीत झालं. बुद्धवंदना घेताना निम्मी माणसं जिन्यावर उभी होती. मुलीचं नाव संघमित्रा ठेवलं. बुधाजी पेढा तोंडात टाकून चार वाजताच हॉलवर पळाला, कारण नूपुरला दिव्यांसाठी जादा वायर लागणार होती. नूपुरला यातलं काही माहीत नव्हतं. मीराने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून 'कलाकार' म्हणून चिडवायचंही बंद केलं.

मग इमारत पाडायचं ठरलं. लालबाग-परळात आता यात सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही. मंडळाने बिल्डरशी करार करायला घेतला, वर पंचेचाळीस मजले. नूपुरला कळलं तेव्हा ती हातावर हात ठेवून बसली नाही. आठ महिने तिने एकेका ट्रस्टीच्या घरी खेटे घातले, सह्या गोळा केल्या, अप्पांच्या नाकीनऊ आणले. शेवटी करारात एक कलम आलं. जुन्या हॉलमध्ये सलग दहा वर्षं जाहीर कलाकार्यक्रम होत होते, असं मंडळाच्या स्वतःच्या दप्तरावरून दिसलं, तर नव्या इमारतीत तेवढ्याच आकाराचा हॉल कलांसाठी राखून ठेवायचा. बिल्डरने हसत मान्य केलं. नूपुरही हसली, कारण दप्तर कोणाकडे आहे ते तिला ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. आवाजातून आनंद नुसता सांडत होता.

"काका, जिंकलो आपण. फक्त रजिस्टर दाखवायचंय. चौदा वर्षांचं आहे ना तुमच्याकडे सगळं?"

"आहे की," बुधाजी म्हणाला. "सगळं लिहिलेलं आहे."

फोन ठेवला आणि मग त्याला आठवलं, काय लिहिलेलं आहे ते. नूपुरच्या लक्षात अजून आलं नव्हतं. इतकी वर्षं बारसं बारसं म्हणताना, ते कुठे तरी लिहिलंही जातंय, हे त्या मंडळींच्या डोक्यातून पार गेलं होतं. त्यांच्यासाठी तो विनोद होता. लिहिणारा एकटा बुधाजी.

रविवारी सकाळी त्याने चारही रजिस्टरं घरी आणली. मीरा तांदूळ निवडत होती, तिच्यासमोर तो एकेक पान उलटत गेला. बारसं. बारसं. साखरपुडा. वर्षश्राद्ध. बारसं. कुठे तरी, एखाद्या बेसावध दिवशी, आपल्या हातून 'नाच' किंवा 'नाटक' असं लिहून गेलं असेल, या आशेने तो बघत होता. नव्हतं गेलं. त्याच्या हातून चूक होत नसे. दर पानाखाली महिन्याच्या शेवटी अप्पांची सही होती.

मीराचं बोट एका ओळीवर थांबलं. तारीख ओळखीची होती. 'बारसं. नूपुर. सायंकाळी सहा.'

"या दिवशी खरं बारसं होतं," ती म्हणाली. "आपलं."

बुधाजीने पान उलटलं. मग मीराच म्हणाली, "खाडाखोड करून टाका. बारसं खोडा, वर प्रयोग लिहा. कोण बघतंय?"

त्याने पेन उघडलंही. पण दोनशे अकरा ओळी होत्या. दोनशे अकरा ठिकाणी खोडलेलं रजिस्टर कोण खरं मानणार? आणि जी शाई चौदा वर्षांपूर्वीची नाही ती नाहीच. त्याने पेन मिटून ठेवलं.

सभा मंडळाच्याच हॉलमध्ये झाली, त्याच दोन खांबांमध्ये टेबल मांडून. पाच ट्रस्टी, अप्पा, बिल्डरचा एक माणूस आणि आर्किटेक्टच्या कचेरीतली अपूर्वा नावाची तरुण मुलगी. नूपुरला बोलावलं होतं. बुधाजी चहा देऊन दारापाशी उभा राहिला. आदल्या दिवशी त्याने तिला सगळं सांगितलं होतं. ती रागावली नव्हती. नुसतं "अरे देवा" म्हणाली होती आणि जुने व्हिडिओ शोधायला लागली होती.

अपूर्वाने रजिस्टर वाचायला घेतलं. मुलगी नम्र होती, मुद्दाम कोणाचं वाईट करायला आलेली नव्हती. "अक्षर इतकं क्लिअर आहे, वाचायला काहीच त्रास नाही," ती म्हणाली आणि वाचत गेली. बारसं, बारसं, साखरपुडा. एक ट्रस्टी हसला. नूपुरने फोनवरचे व्हिडिओ पुढे केले. बघा, हे खांब बघा. बिल्डरचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, कलम मंडळाच्या दप्तराबद्दल आहे. व्हिडिओ तुमचं दप्तर झालं."

तेव्हा बुधाजी दारातून पुढे आला. आयुष्यात कुठल्या सभेत तो बोलला नव्हता.

"साहेब, ते मी खोटं लिहिलंय," तो म्हणाला. "परवान्याची भानगड नको म्हणून मी बारसं लिहायचो. या पोरांचं हितं बारसं एकही झालं नाय. सगळे प्रयोग होते. मी लिहून देतो, सही करतो. पोलिसात द्यायचं तर मला द्या."

अपूर्वाने रजिस्टर मिटलं. मग बिल्डरच्या माणसाने विचारलं, "म्हणजे चौदा वर्षं तुम्ही मंडळाच्या रजिस्टरात खोटं लिहीत होतात?"

"होय."

"मग आज खरं बोलताय, हे कशावरून धरायचं?"

बुधाजीने अप्पांकडे पाहिलं. अप्पा तीन वेळा येऊन बसले होते, एकदा तर नातवाला घेऊन. नीलच्या साच्यांच्या वेळी त्यांनी रुमालाने डोळे टिपले होते ते बुधाजीने स्टुलावरून पाहिलं होतं.

"अप्पा, तुम्ही तरी सांगा. तुम्ही बघितलंय."

अप्पांनी चष्मा काढला, काचा पुसल्या. "बुधाजी, माझा तुझ्यावर विश्वास होता रे," ते म्हणाले. "तू लिहिलंस त्याच्यावर मी सही करत गेलो. आता मी काय बोलू?"

बोलायला पुष्कळ होतं. पण अप्पा मूग गिळून बसले, आणि पाचही ट्रस्टी खिडकीबाहेर बघायला लागले. सभेच्या वृत्तांतात ओळ लिहिली गेली: दप्तरावरून हॉलचा वापर घरगुती समारंभांपुरताच असल्याचे दिसते. नव्या इमारतीत त्या जागी तिसऱ्या मजल्यावरचं पार्किंग यायचं होतं. बुधाजी चहाचे कप गोळा करायला लागला. अपूर्वाने उठून त्याला कप उचलून दिले.

जागा खाली करायला महिना होता. नूपुरने विचारलं, "काका, जायच्या आधी एकदा करू या? ते पहिलंच. खडूचं." शेवटून दुसरा रविवार ठरला, संध्याकाळी पाचला. बुधाजी अप्पांना विचारायला गेला. अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बारसं लिही आणि उरकून टाक. मी काही बघितलं नाही." आपण मोठं मन दाखवतोय असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. बुधाजीला त्यांचा आजवर कधी राग आला नव्हता, तो त्या क्षणी आला.

तो वर आला, रजिस्टर उघडलं. जुनी तीन बिल्डरच्या कचेरीत जमा झाली होती, चालू असलेलं एवढं उरलं होतं, आणि त्याच्या पानाचा फोटो आता दर शुक्रवारी अपूर्वाच्या कचेरीत जायचा. खोटं लिहिणारा माणूस. त्या दिवसापासून हे शब्द त्याला जेवू देत नव्हते. त्या पोरांनी चौदा वर्षं इथे घाम गाळला आणि कागदावर त्यांचं नाव नाही, याला कारण आपला हात. निदान एक ओळ तरी. त्याने खुर्ची ओढली, पेन झटकलं, आणि 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात सगळ्यांत सुरेख अक्षरात लिहिलं: 'नृत्याचा प्रयोग. नूपुर. सायंकाळी पाच.' नूपुरला त्याने सांगितलं नाही. प्रयोग झाल्यावर पान उघडून दाखवायचं असं त्याने ठरवलं होतं.

रविवारी चार वाजता तो नवे खडू घेऊन आला, तर खालच्या दाराला दुसरं कुलूप. बिल्डरने ठेवलेला रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. "वरून फोन आलाय," तो म्हणाला. "आज पब्लिक प्रोग्राम आहे म्हणे, परमिशन नाही. परमिशन दाखवा, लगेच खोलतो." बुधाजीने अपूर्वाला फोन लावला. तिला खरंच वाईट वाटलं. "काका, तुम्हीच लिहिलंय ना तसं? लिहिलेलं असलं की मला वर कळवावंच लागतं." अप्पांचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

पाच वाजेपर्यंत साठेक माणसं गल्लीत जमली. नील आला, यशोधन आला. कडेवर पोर घेऊन आलेली एक बाई होती, जी पहिल्या बारशाला कॉलेजात होती. नूपुर पांढऱ्या साध्या कपड्यांत आली आणि कुलूप बघून थांबली. बुधाजीने तिला काय लिहिलं ते सांगितलं. सांगताना तो तिच्या पायांकडे बघत होता.

"इथेच कर ना, फूटपाथवर," कोणी तरी म्हणालं. नूपुरने फूटपाथकडे पाहिलं. ओळीने लावलेल्या स्कूटर, कुणाच्या तरी दुकानाच्या पाट्या. "ते त्या खांबांचं आहे," ती म्हणाली. "इथे कशाभोवती करू?"

लोक थोडा वेळ घुटमळले आणि दोघं-तिघं करत निघून गेले. सगळ्यांत शेवटी नूपुर राहिली. तिने बुधाजीच्या हातातली खडूची पेटी घेतली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि त्याला परत दिली.

"काका," ती म्हणाली, "आज तरी खोटं लिहायचं होतं ना."

ती रागाने म्हणाली नाही. म्हणूनच ते त्याला फार लागलं.

तो घरी आला तेव्हा अजून उजेड होता. मीरा संघमित्राला भरवत होती. तो इतक्या लवकर कसा आला म्हणून तिने मान वर केली. खडूची पेटी तशीच भरलेली बघितली.

"झाला प्रयोग?"

बुधाजीने पेटी फडताळावर ठेवली.

"नाय," तो म्हणाला. "नुसता लिहिला."